मुंबईतलं लॉन: कोणत्या महिन्यात किती खत, आणि कीड नेमकी कशी ओळखायची

मुंबईत लॉनला युरिया टाकण्याची सर्वात वाईट वेळ म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि बऱ्याच सोसायट्यांमध्ये तो नेमका तेव्हाच टाकला जातो. पाऊस सुरू झाला, पाणी द्यावं लागत नाही, खत आपोआप मुरेल, असा हिशेब असतो. पण सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात युरियातलं नत्र (नायट्रोजन) मुळांपाशी थांबत नाही. ते पोडियमच्या (पार्किंगच्या छतावरच्या बागेच्या) ड्रेनमधून पर्जन्यवाहिनीत आणि तिथून खाडीत जातं. जे थोडं गवताला मिळतं, त्याने पातं लांबट आणि पाणीदार होतं. ढगाळ, दमट हवेत बुरशीला असंच पातं हवं असतं.

आपल्याकडे हिवाळा इतका सौम्य असतो की गवत पूर्ण झोपी जात नाही. थंड प्रदेशांसाठी लिहिलेली वसंत आणि शरद ऋतूंची खत-वेळापत्रकं म्हणून इथे निरुपयोगी आहेत. मुंबईच्या लॉनचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं आणि मेअखेर संपतं. उरलेले चार महिने, जून ते सप्टेंबर, खत द्यायचे नसून गवत सांभाळायचे असतात.

आधी गवत आणि माती ओळखा

नर्सरीतून येणारं लॉन साधारण चार प्रकारांत मोडतं. 'सिलेक्शन' हे हरळीच्या जातीतलं, बारीक पात्याचं, वेगाने पसरणारं आणि खादाड गवत आहे. त्याला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. 'मेक्सिकन' आणि 'कोरियन' ही झोयशिया प्रकारातली, दाट आणि संथ वाढणारी गवतं. त्यांना सिलेक्शनच्या निम्मं खत पुरतं. जास्त दिलं तर खाली वाळक्या काड्यांचा थर साचतो आणि गवत उशीसारखं फुगतं. रुंद पात्याचं 'बफेलो' थोडी सावली सहन करतं. दोन टॉवरांच्या मधल्या, दिवसातून तीन तास ऊन येणाऱ्या पट्ट्यात सिलेक्शन लावून त्याला खत घालत राहणं हा पैशांचा अपव्यय आहे. तिथे बफेलो लावा, किंवा लॉनचा नाद सोडून सावलीतली झाडं लावा.

मातीकडे गवतापेक्षाही कमी लक्ष दिलं जातं. पोडियमवर स्लॅबच्या वर ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारा जाळीदार प्लास्टिकचा थर), त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी सोडून माती अडवणारं) कापड आणि त्यावर जेमतेम फूट-दीड फूट लाल माती असते. त्यावर पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूने आलेले लॉनचे तुकडे अंथरतात, आणि त्यांच्या मुळांना पुष्कळदा चिकण काळ्या मातीचा इंचभर थर असतो. खाली मोकळी लाल माती आणि वर चिकणमाती अशी जोडी झाली की पाणी त्या थरातच अडकतं. मुळं खाली जात नाहीत. पावसाळ्यात हा थर सडतो आणि एप्रिलमध्ये विटेसारखा कडक होतो. तळमजल्याच्या लॉनखाली बरेचदा बांधकामाचं डेब्रिज असतं. सिमेंट-चुन्यामुळे तिथली माती अल्कधर्मी होते आणि गवत पिवळं पडतं.

तपासणी सोपी आहे. सहा इंची स्क्रू-ड्रायव्हर ओल्या मातीत हाताने दाबा. तो पूर्ण आत गेला पाहिजे. दोन इंचांवर अडला तर माती दबलेली आहे. मग सहा इंच खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला किमान एक इंच उतरायला हवं. तसं उतरत नसेल तर खत-औषधांच्या आधी निचऱ्याचं काम करा. माती परीक्षणात सामू (पीएच) आणि क्षारता हे दोन आकडे तरी मिळवा. बोअरवेल, टँकर किंवा एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी वापरत असाल तर त्या पाण्याचीही क्षारता तपासून घ्या.

खताचा हिशेब

पुढची सगळी मापं १,००० चौरस फुटांसाठी, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरसाठी आहेत. लॉन आधी टेपने मोजा. क्षेत्र डोळ्यांनी ठरवलं की ते जवळजवळ नेहमी जास्त धरलं जातं आणि खत दीडपट पडतं.

वाढीच्या काळात एका वेळी सुमारे २७५ ग्रॅम शुद्ध नत्र पुरतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ६०० ग्रॅम युरिया. अमोनियम सल्फेटमध्ये ते साधारण २०.५ टक्के, म्हणून तेवढ्याच नत्रासाठी सुमारे १ किलो ३५० ग्रॅम लागतं. डेब्रिजवरच्या अल्कधर्मी मातीत आम्ही अमोनियम सल्फेटच सुचवतो, कारण त्यातल्या गंधकाचा फायदा होतो आणि सामू हळूहळू खाली येतो. लाल मातीचा सामू मुळातच ५.५ च्या खाली असेल तर मात्र ते टाळा.

एका वेळी १ किलो युरिया ही वरची मर्यादा समजा. ती ओलांडली तर पातं करपतं. ४५ किलोचं पूर्ण पोतं दोन-तीन हजार चौरस फुटांवर एकाच दिवशी रिकामं करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यानंतर लॉन आठवडाभर काळसर हिरवं दिसतं, मग ठिकठिकाणी जळतं आणि महिन्याभरात बुरशीने भरतं.

टाकण्याची पद्धत मात्रेइतकीच महत्त्वाची. पातं पूर्ण कोरडं हवं आणि खालची माती ओलसर. ६०० ग्रॅम युरिया ५-६ किलो कोरड्या, चाळलेल्या वाळूत मिसळा आणि मिश्रणाचे दोन समान भाग करा. पहिला भाग लांबीच्या दिशेने चालत फेका, दुसरा आडव्या दिशेने. त्याने पट्टे पडत नाहीत. नंतर तासाभरात ६०० लिटर पाणी द्या. पाइपचा हिशेब बादलीने काढा: २० लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल तर ६०० लिटरला अर्धा तास. युरिया उन्हात तसाच पडून राहिला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. चुकून एका जागी ढीग सांडला तर आधी हाताने किंवा झाडूने उचला आणि मग ती जागा भरपूर भिजवा, दुसऱ्या दिवशीही. उचलण्याआधी पाणी मारलं तर हमखास भोक पडतं.

ऑक्टोबर: वर्षातलं मोठं काम

हस्ताचा पाऊस ओसरला आणि सलग आठ दिवस कोरडे गेले की सुरुवात करा. मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माघार घेतो. पुढचे तीन-चार आठवडे कडक ऊन, ओलसर माती आणि कोरडी हवा असं जे जुळून येतं, ते गवताला वर्षातून एकदाच मिळतं. पावसाळ्यात आखडलेली मुळं याच काळात खाली उतरतात. वर्षातून एकदाच खर्च करायची तयारी असेल तर तो इथे करा.

पहिल्या दिवशी गवत नेहमीपेक्षा थोडं खाली कापा, पण एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नको. गवत फार वाढलं असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतराने दोनदा कापा. मग तारेच्या पंजाने उभं-आडवं खरवडून मेलेल्या काड्यांचा थर काढा. अर्ध्या इंचापर्यंतचा थर चालतो; त्याहून जाड थर पाणीही अडवतो आणि औषधही. खरवडल्यावर लॉन विस्कटलेलं दिसेल आणि कमिटीतून तक्रार येईल. तीन आठवड्यांत ते भरून येतं, हे आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी बागकामाच्या काट्याने दर सहा इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडा आणि काटा बाहेर काढण्याआधी मागेपुढे हलवा. माती चिकण असेल तर पोकळ दातांचं यंत्र भाड्याने आणा; ते मातीच्या गुळ्या बाहेर काढतं, त्यामुळे भोकांच्या भिंती दबून घट्ट होत नाहीत. पोडियमवर मात्र चार इंचांच्या खाली जाऊ नका. माती पातळ असेल तर खालचं जिओटेक्स्टाइल किंवा वॉटरप्रूफिंग फाटायचा धोका असतो, आणि मग खालच्या पार्किंगमध्ये गळती सुरू होते.

भोकांत भरायला तीन भाग धुतलेली नदीची वाळू किंवा क्रश सँड आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत असं मिश्रण घ्या. समुद्राची वाळू कधीही नको, त्यातलं मीठ गवत मारतं. जाडी ४ ते ५ मिलिमीटर, म्हणजे १६ घनफुटांच्या आसपास. वाळू ब्रासच्या भावाने येते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा सहाव्या हिश्श्याहून जास्त मागवू नका. मिश्रण झाडूने पसरवून भोकांत ढकला. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. कच्चं शेणखत वापरू नका. त्यातून तणाचं बी येतं आणि हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या अळीच्या) भुंगेऱ्यांना अंडी घालायला ते फार आवडतं.

त्याच संध्याकाळी सुफला १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १५ टक्के) दोन किलो टाका. चेंबूरच्या आरसीएफचं हे खत मुंबईत सहज मिळतं. सोबत पाच किलो बारीक निंबोळी पेंड द्या. स्फुरद (फॉस्फरस) गवताला वर्षातून एवढंच पुरतं, डीएपी या जास्त स्फुरदाच्या खताची गरज नाही. तीन ते चार आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, ६०० ग्रॅम युरिया. मेक्सिकन आणि कोरियनला या सगळ्याच्या निम्मं.

डिसेंबर ते एप्रिल

थंडीत वाढ मंदावते. जानेवारीत एकदा ३०० ग्रॅम युरिया सिलेक्शनला पुरे, झोयशियाला काहीच नको. पातं फिकट वाटलं तर १९:१९:१९, म्हणजे सुजला किंवा तसलंच दुसरं विद्राव्य खत, लिटरला ५ ग्रॅम विरघळवून १५ लिटर द्रावण फवारा. ते केवळ टेकू आहे, मुळांना द्यायच्या खताची जागा घेत नाही.

नव्या पात्यांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर ती लोहाची कमतरता आहे. तिथे युरिया वाढवून काही होत नाही. १०० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड २० लिटर पाण्यात विरघळवून सकाळी फवारा, तीन-चार दिवसांत फरक दिसतो. शेजारच्या फरशांवर आधी ताडपत्री टाका. हिराकसाचे गंजाचे डाग टाइलवरून जात नाहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ६०० ग्रॅम आणि एप्रिलच्या शेवटी ६०० ग्रॅम युरिया, आणि नत्र तिथे बंद. उन्हाळ्यात लॉनला आठवड्याला साधारण २५ ते ३५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे २,३०० ते ३,२०० लिटर. हे पाणी आठवड्यातून तीन वेळा, पहाटे, खोलवर द्या. रोज संध्याकाळी वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि पातं रात्रभर ओलं राहतं.

मे महिना वाया घालवू नका

मेच्या मध्यावर एक किलो सल्फेट ऑफ पोटॅश द्या. त्यातल्या पालाशाने (पोटॅशियमने) पात्याच्या पेशी बळकट होतात आणि पावसाळी रोगांना गवत जरा जास्त तग धरतं. स्वस्त म्युरिएट ऑफ पोटॅश गोड्या पाण्याच्या लॉनला चालेल, पण टँकर-बोअरवेलच्या खाऱ्या पाण्यावरच्या किंवा समुद्राला लागून असलेल्या लॉनमध्ये त्यातलं क्लोराइड टाळलेलं बरं.

मातीवर पांढरी पुटं आणि पात्यांची जळकी टोकं दिसत असतील, आणि तपासणीत सोडियम जास्त आलं असेल, तर मेमध्येच दहा किलो जिप्सम पसरा. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियम सुटं करतं आणि जूनचा पाऊस ते धुऊन नेतो. मुंबईचा पाऊस हे काम फुकट करतो, फक्त जिप्सम त्याच्या आधी पडलेलं हवं आणि निचरा चालू हवा. म्हणून याच महिन्यात पोडियमचे सगळे आउटलेट उघडून त्यातली माती आणि मुळं काढा. तुंबलेला एक आउटलेट जुलैत शेकडो फूट लॉन सडवू शकतो.

पाऊस पडू लागला की कापण्याची उंची अर्धा ते एक सेंटिमीटर वाढवा. सिलेक्शन एरवी २ ते २.५ सेंटिमीटर ठेवतात, ते ३ च्या वर न्या. बफेलो ६ च्या आसपास. ब्लेडला धार करून घ्या, बोथट ब्लेड पातं फाडतं आणि बुरशी तिथूनच शिरते. ओल्या लॉनवर मशीन फिरवू नका. उघडीप मिळाली की कापा आणि कापलेलं गवत उचला. कोरड्या दिवसांत मात्र ते लॉनवरच राहू द्या, त्यातलं नत्र मातीत परत जातं.

श्रावणात आठ-दहा दिवसांची उन्हाची उघडीप मिळाली आणि गवत खरंच भुकेलं दिसलं, तरच २५० ग्रॅम युरिया ६० लिटर पाण्यात विरघळवून झारीने द्या आणि लगेच पात्यांवरून साधं पाणी फिरवा. पावसाळ्यातलं नत्र एवढंच.

हुमणी

मुंबईच्या लॉनमधली सर्वात नुकसान करणारी कीड हीच. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून भुंगेरे निघतात, अंधार पडल्यावर कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खातात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची अळी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मुळं खाते. लॉन पाणी असूनही सुकतं आणि हाताने उचललं तर सतरंजीसारखं गुंडाळलं जातं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. साळुंक्या, कावळे, गायबगळे लॉन उकरू लागले किंवा घुशींनी रात्रीत माती उलटीपालटी केली, तर त्यांच्यावर चिडण्याआधी खाली अळ्या शोधा.

पिवळ्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर एक फूट बाय एक फूट चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा आणि तीन-चार इंचांपर्यंतची माती चाळा. एक-दोन अळ्या सापडल्या तर काही करू नका, निरोगी लॉन तेवढ्या सोसतं. पाच किंवा जास्त असतील तर उपाय लागतो. अशा चार-पाच जागा तपासा, एका खड्ड्यावरून निर्णय नको.

खरा उपाय मेअखेर आणि जूनमध्ये, भुंगेऱ्यांवरच करायचा. वळवानंतरचे चार-पाच दिवस संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळेत झाडाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. पसरट टबात साबणपाणी ठेवून त्यावर एक दिवा टांगला की प्रकाशसापळा होतो. त्या रात्री लॉनमधले शोभेचे दिवे बंद ठेवा, नाहीतर भुंगेरे लॉनवरच ओढले जातील.

जूनअखेर ते जुलै अळ्या लहान असताना मेटारायझियम ही उपयोगी बुरशी द्या: २५० ग्रॅम पावडर १० किलो ओलसर गांडूळखतात मिसळून, संध्याकाळी, ओल्या जमिनीवर. पाकिटावरची मुदत पाहा आणि उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका. आत जिवंत बीजाणू असतात. पुढे-मागे दोन आठवडे लॉनवर बुरशीनाशक मारायचं नाही, नाहीतर दोन्ही खर्च एकमेकांना मारतात. सप्टेंबरमध्ये अळी बोटाएवढी झाल्यावर जैविक उपायांचा परिणाम फार कमी दिसतो, म्हणून तारीख चुकवू नका.

माळी अजूनही 'थिमेट' हे दाणेदार कीटकनाशक मागतात. त्यातलं फोरेट भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, आणि ते बंद झालं ते योग्यच झालं. मुलं अनवाणी खेळतात, भटकी मांजरं लोळतात, तिथे असं विष टाकण्याचं काही कारण नाही. प्रादुर्भाव खरोखर हाताबाहेर गेला असेल तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, औषधाचं लेबल स्वतः वाचा, आणि किती दिवस लॉन बंद ठेवायचं ते त्याच्याकडून लिहून घ्या.

लष्करी अळी आणि इतर

पावसाच्या उघडिपीत दोन-तीन रात्रींत लॉनचा तुकडा कोणी कापून नेल्यासारखा तपकिरी झाला आणि त्याची कड रोज पुढे सरकत असेल, तर ती लष्करी अळी. दिवसा ती बुंध्यात लपते. ३० मिलिलिटर भांड्यांचा साबण १० लिटर पाण्यात मिसळून कडेच्या तीन बाय तीन फूट जागेवर ओता. दहा मिनिटांत अळ्या वर येतात. वर काहीच आलं नाही तर ती कीड नव्हे, फवारणी थांबवा.

अळ्या अर्ध्या इंचाच्या आत असतील तर बीटी कुर्स्टाकी हे जिवाणूंपासूनचं कीटकनाशक २ ग्रॅम प्रति लिटर, १,००० फुटांना १० लिटर, सूर्यास्तानंतर. उन्हाने ते निकामी होतं, आणि अळीने पातं खाल्लं तरच काम करतं; म्हणून फवारणीआधी गवत कापून घ्या आणि नंतर दोन दिवस कापू नका. पाच-सहा दिवसांनी एकदा पुन्हा.

वाळवी कोरड्या, दुर्लक्षित कोपऱ्यात येते. नियमित पाणी आणि काड्यांचा थर काढणं एवढ्याने बहुधा आटोक्यात राहते. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी पावसाळ्यात रात्री फुलझाडांच्या वाफ्यांतून लॉनवर येतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका; मीठ लॉनवर टाकू नका. गांडुळांच्या मातीच्या ढिगल्या ही कीड नाही. वाळल्यावर झाडूने पसरवा.

गोल डाग

पावसाळ्यात वीतभरापासून दोन-तीन फुटांपर्यंतचा तपकिरी गोल, सकाळी कडेला करडी काळपट किनार, आणि पातं ओढल्यावर बुंध्यापाशी सडून सहज निघणारं: हा रायझोक्टोनिया बुरशीचा करपा. पाणी वाहतं त्या रेषेत किंवा मशीनच्या चाकोरीत तेलकट, गळून चिकटलेलं गवत आणि पहाटे कापसासारखे तंतू दिसले तर तो पिथियम, दुसऱ्या एका बुरशीसारख्या जिवाचा रोग; तो एका रात्रीत पसरतो. दोन्हीत पहिलं काम नत्र आणि पाणी बंद करणं, साचलेलं पाणी काढणं आणि त्या भागावर कोणाला चालू न देणं. करप्याला मॅन्कोझेब हे बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर, दहा-बारा दिवसांनी एकदा पुन्हा. पिथियमवर ते पुरत नाही, मेटॅलॅक्झिल असलेलं मिश्रण लागतं. औषधाची निवड इथेच चुकते आणि मग 'औषध नकली होतं' असा निष्कर्ष निघतो.

हिवाळ्यात दव पडतं तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे वाळल्या गवतासारखे पिवळे ठिपके दिसले तर रोग वेगळा आणि उपाय उलटा. हा नत्र कमी पडलेल्या लॉनला होतो. ३०० ग्रॅम युरिया द्या आणि पहाटेच दव काठीने किंवा पाइप ओढून झटका. बहुतेक वेळा औषध लागत नाही.

प्रतिबंध म्हणून मेअखेर २५० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी १० किलो ओलसर गांडूळखतात मिसळा, गोणपाटाखाली सावलीत आठवडाभर ठेवा आणि मग पसरा. सावलीतलं काळं-हिरवं शेवाळ मात्र कोणत्याही पावडरीने कायमचं जात नाही. ते खरवडा, भोकं पाडा, वाळू भरा आणि ऊन आत येऊ द्या. त्यासाठी फांद्या छाटायच्या असतील तर आधी महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घ्या. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली ती आवश्यक आहे.

लव्हाळा

लव्हाळा हे तण उपटलं की वाढतं. मातीत त्याच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात. वरचा कोंब तुटला की झोपलेल्या गाठी फुटतात. अरुंद खुरप्याने कोंबाच्या बाजूने खोल जाऊन गाठीसकट काढा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी, नव्या कोंबाला पाच-सहा पानं येण्याआधी, तीच फेरी पुन्हा करा. एका हंगामात तो संपत नाही, दोन लागतात. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक हरळीला फारसं न दुखवता लव्हाळा मारतं, पण १,००० फुटांना त्याची मात्रा ग्रॅमच्याही आत येते. स्वयंपाकघराच्या काट्यावर ती मोजता येत नाही, म्हणून ते काम जाणकाराकडे द्या. ग्लायफोसेट हे तणनाशक लॉनवर मारू नका, ते लॉनही मारतं.

फवारताना

वेळ सकाळी सात ते नऊ, किंवा सूर्यास्तानंतर. दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो आणि औषध खिडक्यांत जातं. पुढचे सहा तास पाऊस नको. कीटकनाशक आणि तणनाशकाला एकच पंप वापरू नका. तळाशी राहिलेलं तणनाशक पुढच्या फवारणीत पट्टे जाळतं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. उरलेलं द्रावण ड्रेनमध्ये ओतायचं नाही. मोजून तेवढंच बनवा, थोडं उरलं तर त्याच लॉनवर पातळ करून संपवा. रिकाम्या डब्या तीनदा विसळून भोक पाडा, म्हणजे कोणी त्यात पाणी भरणार नाही.

माळीकामाचं कंत्राट करताना 'दरमहा खत व फवारणी' असं कलम असेल तर ते काढून टाका. त्या एका ओळीमुळे गरज नसताना औषध मारलं जातं आणि जुलैत युरिया पडतो. त्याऐवजी ऑक्टोबरचं खरवडणं व वाळू भरणं, मेमधली आउटलेट-सफाई, जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी चौकोन उलटून हुमणी-तपासणी, आणि प्रत्येक खताची तारीख व वजन वहीत लिहून सेक्रेटरीची सही, असं नेमकं काम लिहा.